कार्बोरेटर गळतोय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर गोठ्यात पडून राहिलेला पेट्रोलवरचा पाण्याचा पंप दिवाळीनंतर मलप्रभेच्या काठी न्यायचा, पेट्रोलचा कॉक उघडायचा, की कार्बोरेटरखाली टपटप सुरू. खानापूर भागात ही दरवर्षीची कटकट. मग कुणी खालचा बोल्ट आणखी आवळतो, कुणी बेळगावहून नवीन पॅकिंग आणतो. बहुतेक वेळा दोन्ही फुकट, कारण पेट्रोल जिथून टपकतं तिथेच बिघाड असतो असं नाही.

आधी जागा शोधा. कॉक बंद करून कार्बोरेटर चिंधीने कोरडा पुसा. उघड्यावर, विडी-चूल लांब ठेवून, कॉक पुन्हा उघडा आणि इंजिन सुरू न करता पाच मिनिटं नुसतं बघा. कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या कडेला ओल आली तर पॅकिंग, तळच्या बोल्टाशी आली तर वायसर, नळीच्या टोकाला आली तर नळी. पण पेट्रोल एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल तर तो ओव्हरफ्लो, म्हणजे वाटी भरूनही पेट्रोल येतच राहणं. तिथे पॅकिंगचा काही दोष नाही. वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, नीट बसत नाही.

ओव्हरफ्लो झाला की पान्याच्या दांड्याने वाटीवर टकटक करायची सवय सगळ्यांनाच. अडकलेली नीडल सुटते खरी, पण कचरा आतच राहतो. कॉक बंद करून वाटी काढा, फ्लोटची आडवी पिन सरकवा, नीडल हातात घ्या. टोकाच्या रबरावर नखाला लागेल अशी गोल खाच दिसली तर नीडल बदलायचीच. रबर गुळगुळीत असेल तर पेट्रोलमध्ये बुडवलेला इअरबड नीडल बसते त्या पितळी सीटमध्ये फिरवून डिंकासारखा थर काढा. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर तिथे घालू नका. सीटवर एक ओरखडा पडला की नवी नीडलही गळते. फ्लोट कानाशी हलवा. आत पाणी हलल्यासारखा आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलंय, बदला. नीडल-फ्लोट परत जोडून कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा अडली पाहिजे. सुलटा केल्यावर ती जायला हवी. फ्लोट आत असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तो चेपतो.

ओव्हरफ्लो झालेल्या फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायच्या) इंजिनचं ऑइल न बघता स्टार्टची दोरी ओढणं ही सगळ्यात महागडी चूक. पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल वर चढलेलं, पातळ, पेट्रोलचा वास असलेलं दिसलं तर आधी गळती थांबवा, मग सगळं ऑइल बदला. दोरी दगडासारखी घट्ट लागली तर जोर लावू नका. प्लग काढा आणि दोरी हळू ओढून आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या. प्लगची वायर त्या भोकापासून लांब ठेवा.

वाटीला सिलिकॉन किंवा एम-सील फासणारे मिस्त्री अजून भेटतात. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतात. बोल्ट जास्त आवळला तर चुडी (आटे) जाते, वाटीही वाकते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाच्या रसा-मळीतून निघालेलं! जुन्या मशीनच्या रबराला ते सोसेलच असं नाही. फुगलेलं पॅकिंग खाचेत मावत नाही. ते ताणून बसवू नका, नवीन घ्या. पारदर्शक पाण्याची नळीही चालत नाही, काही दिवसांत कडक होऊन तडकते. पेट्रोलसाठीचीच नळी आणि क्लिप वापरा.

काजूच्या बागेतल्या टू-स्ट्रोक ब्रश कटरला बहुधा वाटी-फ्लोट नसतो, तिथे डायफ्राम (पातळ पडदा) आणि छोटी लिव्हर असते. लिव्हर वर वाकली की नीडल उघडी राहते आणि प्लग ओला होतो. खोलताना पॅकिंग आणि डायफ्राम कोणत्या क्रमाने होते याचा मोबाइलवर फोटो काढा.

पंप ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काढा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ओलीची काय कमी! वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती त्याच पाण्याने केलेली गंज. पेट्रोल आणि मऊ ब्रशने काढा. वाटीला बारीक खड्डे पडले असतील तर वाटी बदला.