पार्क सर्व्हिस आणि फॉरेस्ट सर्व्हिस एक नाही! (पहिल्या सेमिस्टरवाल्यांसाठी)

अमेरिकेत पार्क मॅनेजमेंट शिकायला येताय ना, मग माझा घोळ आधी ऐका. पहिल्याच असाइनमेंटमध्ये मी नॅशनल पार्क सर्व्हिस आणि फॉरेस्ट सर्व्हिस एकच समजून तीन पानं लिहून टाकली. आपल्याकडे बोरिवलीचं नॅशनल पार्क वनविभागाकडे, त्यामुळे पार्क म्हणजे फॉरेस्टवाले हे डोक्यात फिट्ट बसलेलं. इथे फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ ची, कृषी खात्यातली, ती लाकूडतोडीला आणि गुरं चारायला परवानगी पण देते. पार्क सर्व्हिस १९१६ ची आणि इंटिरियर खात्यातली (इंटिरियर म्हणजे गृहखातं नाही हां, सरकारी जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणारं खातं, ही चूक पण माझी करून झालीये).

वाचायला सुरुवात यलोस्टोनपासून करा. १८७२ ला पार्क जाहीर झालं पण सांभाळायला ना खातं ना पैसे, शिकारी मोकाट, शेवटी १८८६ ला लष्कर आणून बसवलं ते १९१८ पर्यंत तिथेच. रेंजर लोकांची ती सपाट कडांची हॅट दिसते ना, ती त्या फौजींच्याच हॅटवरून आलेली.

मग २५ ऑगस्ट १९१६ चा कायदा, ज्याने पार्क सर्व्हिस सुरू झाली. त्यातलं एक वाक्य नीट वाचा, बाकी सगळं त्यातनंच निघतं. निसर्ग आणि प्राणी जपा, लोकांना त्याचा आनंदही घेऊ द्या, पण पुढच्या पिढ्यांसाठी काही बिघडता कामा नये. आता हे एकाच वेळी कसं जमायचं? पहिले डायरेक्टर स्टीफन मॅथर, बोरॅक्सच्या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस, त्यांचा हिशोब सरळ होता, गर्दी आली तर काँग्रेस (म्हणजे इथली संसद) पैसे देईल. म्हणून मग गर्दीसाठी काय काय चालायचं! यलोस्टोनचा एक जुना फोटो बघून मी थक्क झाले, बाकांवर दाटीवाटीने बसलेले टुरिस्ट आणि समोर हॉटेलच्या खरकट्यावर ताव मारणारी अस्वलं, म्हणजे चक्क शो. हे शो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाले. लांडगे तर १९२६ पर्यंत मारून संपवले आणि १९९५ ला त्याच खात्याने कॅनडातून परत आणले.

१९३३ ला लष्कराकडच्या रणभूमी आणि स्मारकंही पार्क सर्व्हिसकडे आली, त्यामुळे स्टॅच्यू ऑफ लिबर्टी पण पार्कवालेच बघतात. मिशन ६६ (१९५६ ते ६६) म्हणजे पार्कांमध्ये रस्ते आणि व्हिजिटर सेंटर बांधायची मोहीम, परीक्षेपुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

आता करिअर. रेंजरच्या नोकऱ्या जवळजवळ सगळ्या नागरिकांसाठीच असतात, हे मला इथे आल्यावर कळलं, तुम्ही आधीच जाणून या. व्हॉलंटियर होता येतं, पण व्हिसाचं तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय कुठे होकार देऊ नका. मी एक समर व्हिजिटर सेंटरच्या काउंटरवर काढला. पूर्ण इतिहास पाठ करून गेले होते आणि लोक विचारायचे टॉयलेट कुठंय. आणि दुसऱ्या नंबरचा प्रश्न, अगदी सिरियसली विचारलेला, अस्वल किती वाजता येतं?