ट्रेलर ओढणाऱ्या गाडीसाठी लहान रिम आणि टायर निवडताना

मराठवाड्यात मागे काहीतरी जोडून ओढणारे वाहन म्हटले की पहिल्यांदा ट्रॅक्टरच डोळ्यासमोर येतो; परंतु मंडपवाल्यांचा जनरेटर, मोसंबीच्या बागेतील फवारणीचा पंप किंवा उन्हाळ्यात हजार लिटर पाण्याची टाकी दोन चाकांच्या ट्रेलरवर ठेवून जीपने किंवा एसयूव्हीने ओढणारे लोकही आता आहेत. अडचण अशी की, या गाड्यांच्या महागड्या मॉडेलना कारखान्यातूनच १८ इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम आणि त्यावर बुटके टायर बसवलेले असतात. मुरमाच्या पाणंद रस्त्यावर, मागे दीड टनाचे ओझे असताना, अशा चाकाची रिम खड्ड्यात वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. त्यामुळे १७ किंवा १६ इंची रिम बसवण्याचा विचार मनात येणे साहजिक आहे, आणि तो योग्यही आहे. मात्र लहान करायची आहे ती रिम, चाकाची एकूण उंची नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट असले पाहिजे.

हा फरक टायरवरच्या आकड्यांतून नीट कळतो. २६५/६० आर १८ या टायरची रुंदी २६५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर असते. वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे ३१८ मिलिमीटर आणि १८ इंची रिमचे ४५७ मिलिमीटर मिळून चाकाची उंची ७७५ मिलिमीटर होते. आता २६५/६५ आर १७ घेतला, तर भिंत १७२ मिलिमीटरची आणि चाक ७७६ मिलिमीटरचे होते. म्हणजे चाक जवळजवळ तेवढेच राहिले, स्पीडोमीटर फसला नाही आणि खड्डा झेलणारे रबर मात्र प्रत्येक बाजूला १३ मिलिमीटरने वाढले. टोयोटा फॉर्च्युनरच्या फोर-व्हील ड्राइव्ह मॉडेलला पहिला आकार येतो आणि टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलला दुसरा, यावरून निर्मात्याने हे गणित आधीच करून ठेवले आहे, असे दिसते. प्रत्येक गाडीत मात्र एवढा लाभ होत नाही. स्कॉर्पिओ-एनचे २५५/६० आर १८ आणि २४५/६५ आर १७ हे दोन आकार याच पद्धतीने मोजून पाहिले, तर भिंत फक्त ६ मिलिमीटरने वाढते आणि चाकाची उंची १३ मिलिमीटरने घटते. केवळ तेवढ्यासाठी पाच रिम आणि पाच टायर विकत घेणे मला तरी परवडणारे वाटत नाही. जुने टायर झिजलेच असतील, तर गोष्ट वेगळी.

काही जण मुद्दाम चाकाची उंचीच कमी करतात, कारण लहान चाकाने गाडीची ओढ वाढते. हे खरे आहे. ७७५ मिलिमीटरच्या जागी २४५/७० आर १६ बसवला, तर चाक ७४९ मिलिमीटरचे होते आणि ओढ साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते. चढावर गाडी उचलताना क्लचला तेवढा आराम मिळतो. पण त्याच वेळी स्पीडोमीटर पूर्वी अचूक असला, तरी आता १०० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ९६-९७च्या वेगाने धावत असते, महामार्गावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा तळ, तसेच मागचा हूक १३ मिलिमीटरने खाली येतो. शिवाय ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या एबीएससारख्या यंत्रणा ठरावीक चाक गृहीत धरून जुळवलेल्या असतात. साडेतीन टक्के ओढीसाठी एवढे सगळे हलवण्यापेक्षा मांजरसुंब्याच्या घाटात एक गिअर खाली टाकावा, असे माझे मत आहे. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडणारा आकार मी स्वतः घेत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेक वेळा राहून जाणारा भाग, म्हणजे टायरची वजन पेलण्याची क्षमता. पाण्याच्या टाकीसह ट्रेलर १५०० किलोंचा आहे आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १५० किलोंचा भार हूकवर येतो, असे समजू. हूक मागच्या आसाच्या सव्वा मीटरभर मागे असल्याने तो तराजूच्या दांडीसारखा काम करतो. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.७५ मीटर आणि आसापासून हूकचे अंतर १.१ मीटर धरले, तरी मागच्या आसावर १५० नव्हे तर २१० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ६० किलो उचलले जातात. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर १०५ किलोंची भर पडते, आणि तीही गाडीत माणसे व सामान असताना.

टायरच्या आकारापुढे जो दोन किंवा तीन अंकी आकडा आणि एक अक्षर छापलेले असते, त्यातला आकडा हा भार सांगतो: १०४ म्हणजे ९०० किलो, ११० म्हणजे १०६० किलो आणि ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षर वेगमर्यादा सांगते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०. रिमबरोबर टायर अरुंदही केला, की हा भाराचा आकडा बहुधा खाली येतो आणि दुकानदार तो आपणहून सांगत नाही. मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीही स्वीकारू नये; ट्रेलरसाठी एखाद-दुसरा अंक वरचाच असावा. तरीही जास्त भाराचा टायर बसवल्याने गाडीची ओढण्याची ठरलेली मर्यादा वाढत नाही.

उंच भिंतीचा एक तोटाही आहे. ती जास्त लवचीक असल्याने मागचा ट्रेलर झुलू लागला की गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर डोलतो. यावर भक्कम भिंतीचा, म्हणजे एक्स्ट्रा लोड प्रकारचा टायर हा उपाय आहे. पण अशा टायरची पूर्ण क्षमता साधारण ४२ पीएसआय हवेला गृहीत धरलेली असते, तर साध्या टायरची ३६ला. भक्कम टायर घेऊन त्यात नेहमीचीच हवा भरली, तर जास्तीच्या क्षमतेचे पैसे वाया जातात. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. परभणी-नांदेडकडच्या ४२ अंशांच्या दुपारी, ५० किलोमीटर ओढून आल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडणे ही मोठी चूक आहे, कारण मग थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो, भिंत जास्त दुमडते आणि पुढच्या फेरीत टायर आणखी तापतो. टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंकही पाहून घ्यावेत. टायरचे कारखाने आपल्या वाळूजलाच आहेत, पण दुकानातल्या मांडणीवर त्या टायरने किती उन्हाळे काढले, हे त्या चार अंकांवरूनच कळते.

रिम बसेल की नाही, हे टेपने ठरवू नये. लहान रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा भाग, मावला पाहिजे, म्हणून त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलची कंपनीची रिम हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. तरीही दोन्ही मॉडेलचे ब्रेक सारखेच आहेत ना, हे विचारावे. बाहेरची रिम घ्यायची तर बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचे माप, रिमचा आत-बाहेर सरकाव, रिमवर कोरलेली भारक्षमता आणि मधल्या छिद्राचे माप मूळ रिमशी ताडून पाहावे. हे शेवटचे माप मी एकदा पाहिले नव्हते. छिद्र हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापेक्षा, किंचित मोठे होते; ७०च्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागले आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून पाहिले, तेव्हा दोन नट हाताने फिरत होते. अलॉय आणि लोखंडी रिम यांच्या नटांची बैठकही वेगळी असू शकते, तेव्हा जुने नट आहेत तसेच वापरू नयेत.

टायर चारही एकाच आकाराचे, आणि स्टेपनीही त्याच आकाराची घ्यावी. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढे-मागे वेगळी उंची ठेवल्यास गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. नक्षी रस्त्यासाठीचीच बरी, कारण पावसात काळ्या मातीने कोणतीही नक्षी भरते आणि त्या चिखलात ट्रेलर नेऊ नये हेच खरे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत, म्हणून निर्मात्याने त्या गाडीला मान्य केलेलाच आकार निवडावा आणि विमा कंपनीला तो लेखी कळवावा.

चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. त्यानंतर ट्रेलर जोडून, टाकी भरून आणि नेहमीची माणसे बसवून मोंढ्यातल्या वजनकाट्यावर जावे आणि गाडीची फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. आलेला आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या मागच्या आसाच्या मर्यादेशी आणि दोन टायरांच्या एकत्रित क्षमतेशी ताडून पाहावा. तो यांपैकी कोणत्याही मर्यादेच्या वर गेला, तर टाकीची जागा ट्रेलरवर थोडी मागे सरकवावी किंवा लहान टाकी घ्यावी. टाकी अर्धी भरणे हा उपाय नाही. अर्ध्या टाकीतले पाणी ब्रेक लावताच पुढे धावते आणि हूकवरचा भार क्षणोक्षणी बदलत राहतो.