चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करताना या चुका टाळा

खोलीचं दार लावून तासभर प्रार्थना करणारी माणसंसुद्धा चारचौघांत "आता तुम्ही प्रार्थना करा" म्हटलं की घसा खाकरू लागतात. मीही त्यातलाच. चर्चच्या प्रार्थनासभेत पहिल्यांदा माझी पाळी येणार होती तेव्हा शेजारी बसलेला चर्चमधला एक भाऊ प्रार्थना करत होता आणि मी मनात आपली वाक्यं जुळवत बसलो होतो. त्याने आईच्या ऑपरेशनसाठी मागणी केली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. "आमेन" मात्र मी खणखणीत म्हटलं होतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. एक जण बोलत असला तरी प्रार्थना सगळ्यांचीच चालू असते, आवाज तेवढा त्याचा. म्हणून दुसरा बोलत असताना त्याच्या प्रत्येक मागणीला मनात "होय, प्रभू" म्हणत राहा. आपली पाळी आली की त्याच्याच मागणीला एक वाक्य जोडून सुरुवात करा. पुढचे शब्द सुचतात.

ऐकू न येणारी प्रार्थना ही याचीच दुसरी बाजू. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, विचारतो (१ करिंथ १४:१६), तू काय बोलतोस ते ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसं म्हणणार? तिथे विषय अन्य भाषांचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणाऱ्या भाषेत बोलण्याचा आहे, पण हनुवटी छातीला टेकवून पुटपुटणाऱ्यालाही तो प्रश्न लागू पडतो. डोळे मिटा, मान मात्र थोडी वर ठेवा.

देवाचं नाव, रोख माणसांवर

"हे प्रभू, तुला ठाऊक आहे, आमच्यातले काही जण हल्ली सभेला उशिरा येतात..." सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, तरी टोमणा कुणाला आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. ज्याला लागतो तो पुढच्या आठवड्यात येतच नाही. काही जण प्रार्थनेत छोटंसं प्रवचनच उरकून घेतात, जणू वचनाचा अर्थ देवालाच समजावून सांगायचा आहे. स्वतःला एकच विचारा: खोलीत मी एकटा असतो तर हे वाक्य बोललो असतो का? नसेल, तर ते गाळा. आणि त्या माणसाशी बोलायचंच असेल तर चहा घेताना बोला.

याहून नाजूक गोष्ट चहाडीची. "एका बहिणीच्या घरात फार वाद चाललेत, नाव घेत नाही, पण परवा ती रडत होती..." नाव न घेता सगळा पत्ता सांगून झाला! कुणाची अडचण गटात मांडण्याआधी त्याला विचारा. त्याने परवानगी दिली तरी नाव आणि गरज एवढं पुरे, तपशील देवाला माहीत आहेत. "फक्त तुम्ही प्रार्थना करा" असं कुणी म्हटलं असेल तर ती गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाता कामा नये.

वेळ कुठे जातो?

विनंत्या सांगण्यात पाऊण तास आणि प्रार्थनेला पाच मिनिटं, असं तुमच्याकडेही होत असेल. उपाय साधा आहे. एकाने विनंती सांगितली की लगेच कुणीतरी त्यासाठी प्रार्थना करायची, मग पुढची विनंती. विनंत्यांची लांबी आपोआप कमी होते.

ओळीने पाळी लावणं मला फारसं आवडत नाही. नवीन माणूस पाळी जवळ येताना बघून घामाघूम होतो. ओळच लावायची असेल तर आधीच सांगून टाका: बोलायचं नसेल तर शेजाऱ्याचा हात हलकेच दाबा, पाळी पुढे जाईल. आणि एक वाक्यही पूर्ण प्रार्थना असते. पाण्यात बुडू लागलेला येशूचा शिष्य पेत्र "प्रभूजी, मला वाचवा" एवढंच ओरडला (मत्तय १४:३०). तीन शब्द. मधे शांतता पसरली तर ती "प्रभू, प्रभू" म्हणून भरून काढायची घाई नको.

काही मंडळ्यांत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. कोरियात १९०७ च्या प्योंगयांग संजीवनानंतर, म्हणजे तिथल्या मंडळ्यांत आलेल्या आत्मिक जागृतीनंतर, ही पद्धत चांगलीच रुजली. ज्याला सवय नाही तो मात्र अशा सभेत गोंधळून जातो. म्हणून चालवणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं, आज एकेकाने की सगळ्यांनी मिळून.

शब्द निवडताना 'मी' कमी करा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पिता 'आमचा', भाकर 'आमची', 'माझं' असं काहीच नाही.

आमेननंतर

इथे बहुतेक गट ढिले पडतात. मागितलं काय आणि झालं काय, हे कुणी विचारतच नाही. पेत्र तुरुंगात असताना मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत होती. सुटून तो मार्कच्या आईच्या घरी आला तेव्हाही आत लोक प्रार्थनेलाच जमले होते. दासीने "पेत्र दाराशी आहे" म्हणून सांगितलं, तर तिलाच वेड्यात काढलं, आणि पेत्र बाहेर दार ठोठावत राहिला (प्रेषितांची कृत्ये १२). मी आता वहीत तारीख, नाव आणि मागणी लिहून ठेवतो. पुढच्या भेटीत प्रार्थना सुरू करण्याआधी ती वही उघडतो. पहिल्या पानावर त्या भावाच्या आईचं ऑपरेशन आहे, एक दिवस उशिरा लिहिलेलं.