इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीचा आवाज कसा ओळखावा

पेट्रोलच्या गाडीत बेअरिंगची घरघर, ब्रेकचे घासणे आणि टायरचा आवाज इंजिनाच्या आवाजाखाली दबून जातात. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये इंजिनच नसल्यामुळे बारीकसारीक आवाजही कानावर येतो आणि मोटार बिघडली की काय, अशी शंका मनात येते. बहुतेक वेळा ती निराधार असते, पण नेहमीच नसते. ही शहानिशा करताना आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, म्हणजे रेस दिल्यावर, वेगाबरोबर की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, याकडे लक्ष द्यावे.

प्रथम आपल्या गाडीची मोटार कुठे बसवली आहे ते जाणून घ्यावे. टीव्हीएस आयक्यूबमध्ये ती मागच्या चाकातच असते, तर एथर ४५० मध्ये ती चाकापासून वेगळी असून बेल्टने चाक फिरवते. ई-सायकलींच्या लहान मोटारींत बऱ्याचदा नायलॉनचे गिअर असतात, त्यामुळे त्यांची बारीक घरघर पहिल्या दिवसापासूनच असते.

त्यानंतर निरोगी आवाज समजून घ्यावा. चाकातील मोटारीत लोहचुंबक बाहेरच्या फिरत्या कड्याला आतून चिकटवलेले असतात आणि तांब्याची वेटोळी मधल्या स्थिर भागावर असतात. कंट्रोलर, म्हणजे मोटारीला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक भाग, वेटोळ्यांच्या तीन गटांना (फेजना) आळीपाळीने वीज पुरवतो. साध्या कंट्रोलरमध्ये ही अदलाबदल चुंबकांच्या प्रत्येक जोडीमागे सहा टप्प्यांत होते आणि दर टप्प्याला चाकाला किंचित हिसका बसतो. मोटारीत ४६ चुंबक, म्हणजे २३ जोड्या, आणि चाकाचा परीघ सुमारे १.४ मीटर धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास ४ फेरे घेते. ४ गुणिले २३ गुणिले ६ असा हिशेब केला की सेकंदाला साधारण ५५० हिसके होतात, आणि गाडी निघताना ऐकू येणारी गुणगुण बव्हंशी हीच असते. वेग वाढला की तिची पट्टी चढते, उड्डाणपुलाच्या चढावर ती मोठी होते, आणि वीज गुळगुळीत लहरींच्या रूपात देणाऱ्या चांगल्या कंट्रोलरवर ती जेमतेम जाणवते. याखेरीज कंट्रोलर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असल्याने एक अतिशय बारीक शीळही येऊ शकते. वयाबरोबर कानांना उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, तेव्हा मुलीला शीळ ऐकू येते आणि वडिलांना येत नाही, यावरून घरात वाद घालण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडी मेन स्टँडवर लावावी, चावी बंद करावी आणि मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. बोटे बेल्ट व डिस्कपासून दूर ठेवावीत. गिअर नसलेल्या हब मोटारीत, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटारीत, चाक हलकेच अडत-सुटत फिरते. चुंबक आतल्या लोखंडी दात्यांकडे ओढले जात असल्याने असे होते आणि हे अडणे सर्वत्र सारखे असेल तर काळजी नको. प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘शर्र’ असा आवाज आला, तर ब्रेक घासत आहे किंवा डिस्क किंचित वाकली आहे. टायर दोन्ही बाजूंनी धरून आडवा हलवल्यावर चाक डुगडुगले, तर बेअरिंग किंवा एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट पाहावा लागेल. लांब पेचकसाचे टोक एक्सलच्या नटवर टेकवून मुठीला कान लावला आणि दुसऱ्या कोणाला चाक हाताने फिरवायला सांगितले, तर चांगले बेअरिंग जवळजवळ गप्प राहते आणि गेलेले बेअरिंग वाळू भरल्यासारखे खरखरते.

कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही खरखर विशेष आढळते. तापलेली मोटार पाण्याने एकदम थंड झाली की आतली हवा आकसते आणि एक्सलमधून वायर जिथे आत जाते त्या फटीतून ओलावा ओढला जातो. त्या फटीभोवती तांबूस गंजाचा ओघळ दिसला, तर आत पाणी गेल्याचा संशय घ्यावा. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा नेमका तिथे मारू देऊ नये. बेअरिंग बंदिस्त असते; बाहेरून तेल मारून ते सुधारत नाही, उलट ते तेल ब्रेकवर जाण्याचा धोका असतो.

पुढची चाचणी रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर घ्यावी. ताशी २५ किलोमीटरचा स्थिर वेग ठेवावा आणि रेस हळूच सोडावी. आवाज लगेच न थांबता वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला, तर तो बेअरिंग, टायर किंवा ब्रेकचा असण्याची शक्यता मोठी. रेस सोडताच तो थांबला, तर त्याचा संबंध विजेशी किंवा भार घेणाऱ्या गिअर-बेल्टशी असतो. मात्र रेस सोडल्यावर बॅटरी चार्ज करणारी यंत्रणा गाडीत असेल, तर मोटारीतून तेव्हाही वीज वाहते. ती सोय बंद करता येत असल्यास बंद करूनच ही चाचणी करावी. कोरडा, धुळकट बेल्ट चिवचिवतो, आणि त्याचा ताण तपासणे हे सर्व्हिस सेंटरचे काम आहे.

निघताना गाडी थरथरून गुरगुरते, पुढे जात नाही आणि पायाने ढकलल्यावर मात्र चालू लागते, हे लक्षण बेअरिंगचे नसते. चुंबकांची जागा कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर किंवा तीन जाड फेज वायरींपैकी एखादीचा जोड त्यामागे बहुधा असतो. चावी बंद असतानाही चाक हिसके देत जड फिरत असेल, तर जाणकार मेकॅनिक फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवून चाक पुन्हा फिरवतो. ते मोकळे झाले तर दोष कंट्रोलरचा, आणि तसेच जड राहिले तर मोटारीचा किंवा तिच्या केबलचा. हे काम घरी करू नये. ६० किंवा ७२ व्होल्टच्या बॅटरीचा शॉर्ट झाल्यास पाना वितळू शकतो, बॅटरी सोडवल्यावरही कंट्रोलरमधील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज टिकते, आणि वॉरंटी रद्द होण्याची शक्यता असते ती वेगळीच.

सर्व्हिस सेंटरला जाताना मागे बसणाऱ्याला मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करायला सांगावे आणि त्यातच वेग, चढ किंवा उतार, रेस चालू की सोडलेली हे बोलून ठेवायला सांगावे. चालत्या गाडीत चाक अचानक अडले, मोटारीतून खडखड आली किंवा जळका वास सुटला, तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी आणि टेम्पोत घालूनच दुरुस्तीला न्यावी.