मेटल हॅलाइड दिव्याचा चोक दिव्यापासून दूर बसवताना

उंच पत्र्याखाली टांगलेल्या २५० वॅटच्या मेटल हॅलाइड दिव्यातला प्रवाह आवरणारा, तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक जड असतो, सतत गुणगुणतो आणि स्वतःच २५ वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. तो भिंतीवरच्या हवेशीर पत्र्याच्या पेटीत आणला, तर वरचा भार हलका होतो. मात्र चोकच्या सोबतीने दिवा पेटवून देणारा इग्नायटरही खाली आणला, की दिवा पेटेनासा होतो.

इग्नायटर दिव्याला ३ ते ५ हजार व्होल्टचे अतिशय आखूड झटके देतो. लांब केबलमधल्या शेजारशेजारच्या तारा कॅपॅसिटरसारख्या, म्हणजे थोडी वीज साठवून घेत, वागतात आणि हे झटके वाटेतच क्षीण करतात. चोकला ही अडचण नाही, कारण अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून १० मीटर अंतरावर ३ अँपिअर प्रवाह नेताना अर्धा व्होल्टदेखील घटत नाही. म्हणून चोक व त्याच्या सोबतचा कॅपॅसिटर खाली आणि तीन टोकांचा, म्हणजे सिरीज पद्धतीचा इग्नायटर वर ठेवावा. इग्नायटर ते दिवा हे अंतर त्यावर छापलेल्या मर्यादेतच असावे. मर्यादा छापलेली नसल्यास मी एक मीटरच्या पुढे जात नाही.

हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून आणि कॅपॅसिटरमधील साठा रोधकातून उतरवूनच पेटी उघडावी. फेज चोकमध्ये जाईल व कॅपॅसिटर चोकच्या आधी फेज-न्यूट्रलवर राहील. चोकमधून निघालेली तार, न्यूट्रल आणि अर्थिंग अशी तीन तारांची केबल वर न्यावी. तेथे चोकची तार इग्नायटरच्या 'बी' टोकाला, न्यूट्रल 'एन' टोकाला तसेच होल्डरच्या आट्यांच्या बाजूला आणि 'एलपी' टोकाची तार होल्डरच्या मधल्या संपर्काला जोडावी. ही शेवटची जोडणी उलटी झाली, तर उच्च दाब आट्यांवर येतो आणि बल्ब बदलणाऱ्याच्या बोटांशी त्याची गाठ पडू शकते. 'एलपी' ते होल्डर या तुकड्यासाठी, इग्नायटरच्या झटक्याइतक्या दाबाला मान्य असलेली, सिलिकॉन रबराच्या आवरणाची तारच वापरावी. घरगुती पीव्हीसी तार तेथील उष्णतेने कडक होऊन तडकते. दिव्याचा धातूचा सांगाडा आणि खालची पेटी, दोन्हींना अर्थिंग हवेच.

चाचणी घेताना होल्डरवर साधा मल्टिमीटर लावू नये, कारण इग्नायटरच्या एका झटक्यानेही तो निकामी होऊ शकतो. दिवा एकदा पेटून विझला, तर जोडणीवर शंका घेण्याआधी त्याला पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. गरम दिवा लगेच पेटत नाही.