रिव्ह्यूला बसण्याआधी

कोड रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याने कोडमध्ये केलेला बदल मंजुरीआधी वाचून तपासणं. बिल्ड होतंय, टेस्ट हिरव्या आहेत, फॉरमॅटिंग लिंटरने (कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या टूलने) उरकलंय. हे धरूनच पुढे. स्पेस नि कंसांवर कमेंट टाकत बसलात तर डोकं तिथेच खर्ची पडतं.

आधी आकार बघा. सिस्कोतल्या रिव्ह्यूंवरच्या २००६ सालच्या अभ्यासातून निघालेला सल्ला असा: एका बैठकीला २०० ते ४०० ओळी, वेळ तासभर, फार तर दीड तास. त्यापुढे नजर नुसती ओळींवरून फिरते. हजार ओळींचा पीआर (पुल रिक्वेस्ट, मंजुरीसाठी पाठवलेला बदल) आला तर तोडून मागा. ‘स्प्रिंट आजच संपतोय’ हे कारण नव्हे. बदल कशासाठी हे वर्णनात नसेल तर विचारा. हेतूच ठाऊक नसेल तर चूक कशाला म्हणणार?

आता मुख्य. बदललेलं फंक्शन कुठून कुठून कॉल होतं, ते सगळं, म्हणजे त्याचे कॉलर, उघडा. ब्रँच (बदल असलेली कोडची वेगळी शाखा) आपल्या मशीनवर घेऊन, एडिटरमध्ये. डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, बदललेल्या ओळी दिसतात: काढलेल्या लाल, घातलेल्या हिरव्या. जी लिहायचीच राहिली ती ना लाल असते ना हिरवी. गेल्या खेपेला माझं हेच राहिलं. फंक्शन आता नल (काहीच नसलेली किंमत) परत करू शकत होतं, डिफ स्वच्छ होता, अप्रूव्ह करून टाकलं. ते वापरणारा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) रात्री आडवा. हार्टब्लीड ही गाजलेली सुरक्षेतली चूकही याच जातीची: समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, ही तपासणीच ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत नव्हती. तो कोड रिव्ह्यू होऊनच आत गेला होता, आणि भानगड उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये, रिलीज होऊन दोन वर्षांनी. कॉलर उघडले? नाही? मग अप्रूव्हच्या बटणाला हात लावू नका.

फायली स्क्रीनवरच्या क्रमाने वाचू नका, शेवटच्यांच्या वाट्याला दमलेले डोळे येतात. पैसे, लॉकिंग, तारखा जिथे असतील तिथून सुरुवात करा. आणि त्यांचेही कॉलर.

संध्याकाळी हिंजवडीतून निघायची घाई असताना रिव्ह्यू उघडूच नका. भूमकर चौकातला ट्रॅफिक डोक्यात असला की सगळा कोड बरोबरच दिसतो. सकाळी, स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या) आधी बसा. सीनियरने लिहिलंय म्हणून सूट नाही, उलट तिथेच कुणी नीट बघत नाही.

थ्रेडिंग (एकाच वेळी समांतर चालणारा कोड) आपल्याला जमत नसेल तर जमणाऱ्याला जोडा. लॉगमध्ये पासवर्ड जातोय का, रोलबॅक (बदल मागे घेणं) जमेल का, कॉन्फिग बरोबर आहे का: बघा. दुरुस्त्या होऊन नवे कमिट (नोंदवलेले बदल) आले की पुन्हा कॉलर. हो, पुन्हा.