अरबी मजकूर वेबवर मांडायला बसताना

पुण्यात फ्रंटएंडचं, म्हणजे साइटच्या दिसणाऱ्या भागाचं, काम करणाऱ्या अनेकांकडे कधी ना कधी आखाती देशातल्या ग्राहकाची साइट येते. माझ्याकडे आली तेव्हा इंग्रजी पानं तयार होती. भाषांतर आलं, मी डिर=आरटीएल (मजकूर उजवीकडून मांडायची एचटीएमएलमधली सूचना) लावलं, पान उजवीकडून सुरू झालं आणि काम संपलं असं वाटलं.

तपासणाऱ्या अरबी भाषकाला पहिलं शीर्षकच वाचवेना. इंग्रजी शीर्षकांचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेली जादा जागा, अरबीलाही लागलं होतं. अरबी अक्षरं छापातसुद्धा एकमेकांना जोडलेलीच असतात. मध्ये फट पडली की शब्द फाटतो. देवनागरीत शिरोरेषा तुटली की आपल्याला खटकतं ना, तसंच. अरबीसाठी लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इटॅलिकही काढा, ठसवायचं असेल तर जाड ठसा किंवा रंग वापरा.

माझं कळकळीचं सांगणं एकच: कोडला हात लावण्याआधी आठवडाभर ती 28 अक्षरं गिरवा. बहुतेकांची चार रूपं असतात: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. एवढं आलं की समोरची फट चुकीची की लिपीचीच, हे तुम्हाला स्वतःला कळतं. रूप निवडण्याचं काम फॉन्ट आणि हार्फबझसारखं शेपिंग इंजिन करतं, आपली जोडाक्षरं जुळवतं तसंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आकड्यांनी. मजकूर उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडे. +971 ने सुरू होणारा फोन नंबर अरबी वाक्यात टाकला तर त्यातले गट उलट क्रमाने लागतात आणि अधिकचं चिन्ह भलत्याच टोकाला जातं. नंबरला बीडीआय टॅगमध्ये (तो आतल्या मजकुराची दिशा बाहेरच्यापासून वेगळी ठेवतो) ठेवून डिर=एलटीआर, म्हणजे डावीकडून उजवीकडे, द्या. सीएसएसमध्ये मार्जिन-लेफ्टऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट लिहायची सवय आजपासूनच लावा, म्हणजे दिशा बदलली की समासही बाजू बदलतो. मागे जाण्याचा बाण उलटवा, व्हिडिओचं प्ले बटण मात्र तसंच राहू द्या.

शोधही तपासा. फारसी कीबोर्डवरचा ‘ये’ आणि अरबी कीबोर्डवरचा ‘या’ यांचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) वेगळे आहेत. ‘अली’ हे नाव दोन्हीकडे तेच, दिसायला फरक फक्त शेवटच्या अक्षराखालच्या दोन ठिपक्यांचा, पण दोन्ही रूपं एक केली नाहीत तर शोधात सापडत नाही.

उर्दूचं काम आलं तर आणखी तयारी लागते. मालेगाव-मुंबईच्या उर्दू वाचकाची नजर नस्तालीक या लेखनशैलीला सरावलेली असते. त्यात शब्द तिरका उतरत जातो, म्हणून एका ओळीला बरीच उंची लागते. नस्तालीक फॉन्ट जडही असतात. इनपेज या उर्दू मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो, सुरुवात त्यानेच करा. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) 2 च्या आसपास ठेवा आणि वरच्या ओळीचे नुक्ते (अक्षरांचे ठिपके) खालच्या ओळीवर आदळत नाहीत ना, ते स्वस्तातल्या मोबाइलवर पाहा.